चिंचेचं वळण आणि सूर्यभानमामांचं चाक

फुस्स्स्!

दमलेल्या म्हशीनं पाणवठ्यावर बसकण मारावी, तशी जीप एका अंगाला बसली.

"गेलं!" नितीन ओरडला. "तिसरं पंक्चर! दहा दिवसांत तिसरं! आणि परत इथंच, चिंचेच्या वळणावर!"

प्रज्ञानं नुसते डोळे मिटून घेतले. तिला आता ओरडायचाही कंटाळा आला होता.

पुण्याहून ही दोघं बहीणभावंडं मे महिन्याच्या सुट्टीत रंभाजीकाकांकडे खैरवाडीला आली होती. प्रज्ञा तेरा वर्षांची, नितीन अकराचा. येताना तिनं सुट्टीचा बेत अगदी पक्का केला होता. झोपायचं, आंबे खायचे, विहिरीत पोहायचं आणि परत झोपायचं! प्रत्यक्षात निम्मी सुट्टी या चिंचेखाली बसूनच चालली होती. आल्या दिवशी जीप इथंच बसली. परवा फाट्यावर पेपर आणायला गेले, तेव्हाही इथंच. आणि आज मंगळवारी, बाजारातून येताना, पुन्हा इथंच.

त्यात पाथर्डीच्या पलीकडचं ते ऊन! त्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, ते एवढं तापलं होतं की सावलीसाठी सरडेसुद्धा नंबर लावत होते. रस्त्याचं तर विचारूच नका. पानसऱ्यांची शेळी एका खड्ड्यात पडली, ती दोन महिन्यांनी वर आली, तेव्हा तिच्यामागे दोन करडं होती. खैरवाडीत कुणालाही विचारा, खोटं असेल तर करडं दाखवतील! अशा रस्त्यावर एसटी कोण घालणार? फाट्यापर्यंतच्या चौदा किलोमीटरांसाठी सूर्यभानमामांची जीप हा एकच आधार होता.

सूर्यभानमामा खाली उतरले. पांढरा सदरा, पांढरी विजार, पिळदार मिशी. न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्यांनी बसलेल्या चाकाकडे पाहिलं, चिंचेखाली उपरणं अंथरलं आणि आडवे झाले.

"मामा!" नितीन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मागं स्टेपनी आहे. सीटखाली जॅक आहे, पाना आहे. चाक बदला ना!"

"मी ड्रायव्हर हाय," मामा उपरण्याचं टोक तोंडावर ओढत म्हणाले. "चाक बदलनं क्लीनरचं काम."

"मग क्लीनर कुठंय?"

"गेला. दोन म्हयनं झालं. भेळीची गाडी टाकली त्यानं."

"पण गाडी चालवणाऱ्याला चाक बदलता आलंच पाहिजे!"

"व्हय का? मंग पवनाऱ्याला हीर खनता आली पायजे का?"

"नाही, पण पायात काटा मोडला तर चालणारा काय डॉक्टर येईपर्यंत रस्त्यात झोपतो?"

उपरण्याखालून उत्तराऐवजी घोरणं आलं. ते खरं होतं की खोटं, हे प्रज्ञाला नीट कळेना.

पुढचं सगळं ठरलेलं होतं. एका सायकलवाल्याबरोबर फाट्यावर निरोप गेला. अडीच तासांनी पंक्चरवाला बन्सी घामानं निथळत सायकलवरून आला. त्यानं जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली आणि पंक्चर झालेल्या चाकातून खिळा उपटून ठिगळ लावलं. मामांच्या तोंडावर तोपर्यंत उपरणंच!

नितीननं बन्सीला गाठलं. "बन्सीदादा, खरं सांगा! हे खिळे तुम्हीच टाकता ना? म्हणजे धंदा चालतो!"

बन्सीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागवायला लागतं तेवढं बळही त्या बिचाऱ्यात उरलं नव्हतं.

"आरं बाबा, अकरा किलोमीटर सायकल हानत आलोय मी. ह्या उनात. मला खिळे टाकायचे आस्ते तर दुकानाम्होरं टाकले आस्ते की! हितं कशाला मरायला येऊ?"

प्रज्ञानं हात पुढे केला. "दादा, तो खिळा मला द्या."

खिळा नेहमीसारखा नव्हता. अंग चौकोनी, टोक वाकडं, आणि डोकं झिजून पैशासारखं चकचकीत झालेलं.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. दारात भारतीआत्या उभी होती. रंभाजीकाकांची ही सगळ्यांत धाकटी बहीण. तिनं उशीर का झाला ते विचारलं, "चिंचेचं वळण" एवढंच ऐकलं आणि ती ओट्यावर बसली.

"परवा माझी मुलाखत आहे," ती म्हणाली.

सगळ्यांना ते माहीत होतं. नगरला नर्सच्या प्रशिक्षणासाठी गुरुवारी बारा वाजता मुलाखत होती. पहिल्या वर्षी कागद अपुरे पडले. दुसऱ्या वर्षी यादीत एकच नंबर मागे राहिला. हे तिसरं वर्ष. आणि पुढच्या वर्षी आत्याचं वय उलटणार होतं, मग अर्जच घेणार नव्हते. फाट्यावरून नगरची एसटी नऊ वीसला. ती चुकली की पुढची साडेबाराला!

"परवा पंक्चर झालं तर?" नितीननं विचारलं.

आत्यानं इस्त्री करून ठेवलेल्या साडीची घडी उगाच पुन्हा एकदा नीट केली. प्रज्ञाला ते बघवेना. एवढी दमली होती, तरी तिची झोप पार उडाली.

"परवा पंक्चर होणार नाही," ती म्हणाली. आपण हे कशाच्या जोरावर बोललो, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेजारचा कल्याण आला. हा नितीनच्याच वयाचा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर पाच महिने श्रीगोंद्याच्या बाजूला पालावर राहून नुकताच परतला होता. प्रज्ञाच्या हातातला खिळा बघून तो हसायलाच लागला.

"ह्यो? ह्यो तर पत्रीचा खिळा! बैलाच्या खुराला पत्री ठोकत्यात न्हाई का, नालावानी? डांबरीवर खूर झिजू नये म्हून. आता हंगाम सपला, समद्यांचे बैल घरी आले. छगन नालबंद जुन्या पत्र्या काढतोय की!"

"कुठं काढतो?" प्रज्ञानं एकदम विचारलं.

"आरं तिच्या!" कल्याणनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "चिंचंखाली!"

बुधवारी सकाळी तिघंही बांधाआड पालथी पडली होती. समोर चिंचेच्या बुंध्याशी पाय बांधून एक खिल्लारी बैल आडवा पाडलेला. छगन नालबंद उकिडवा बसून सांडशीनं पत्री उपसत होता. पाठ रस्त्याकडे! एकेक खिळा निघाला, की डाव्या खांद्यावरून मागे भिरकावत होता. वळून मात्र एकदाही बघत नव्हता.

टिंग! टिंग! टिंग!

"सात... आठ... नऊ!" नितीन कुजबुजला. "एका पायाचे नऊ! चार पायांचे किती? अन् बैल किती?"

"गणित नको!" प्रज्ञा उठलीच. "चल!"

छगनकाका काही वाईट माणूस नव्हता. पहाटेपासून सहा बैलांचे पाय धरून त्याची कंबर मोडली होती. त्यानं पोरांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"त्यो नेम हाय पोरी. बैलाच्या पायातलं लोखंड घरी न्यायचं न्हाई. खांद्यावरनं मागं टाकायचं आन वळून बघायचं न्हाई. बघितलं की बैल लंगडा होतो. माझ्या आज्यापासनं चालत आलंय."

"पण काका, मागं रस्ता आहे!"

"रस्ता? मागं कुठला रस्ता? मागं तर माळ हाय!"

"कधीपासून वळून बघितलं नाही तुम्ही?"

छगनकाकानं बैलाचा पाय सोडला. हळूहळू, चोरी करताना करावी तशी, मान मागे वळवली. समोर पांढऱ्या धुळीत खिळेच खिळे! कोवळ्या उन्हात असे चमकत होते, जणू कुणी चांदण्या पेरून ठेवल्यात.

"आगं आई गं," तो पुटपुटला.

मग सगळं लक्षात आलं. दर वर्षी छगनकाका चिंचेच्या पलीकडच्या अंगाला बसायचा. तिकडे त्याच्या पाठीमागे पडीक माळ होता. चैत्रातल्या वादळात तिकडची मोठी फांदी मोडली, सावली गेली. म्हणून यंदा तो अलीकडे येऊन बसला. जागा बदलली, पाठ रस्त्याकडे झाली. पण नेम तोच राहिला!

"मंग आता नेम मोडू म्हनता?" त्याचा चेहरा रडवेला झाला. "उद्या येखादा बैल लंगडा झाला, तर गावात कोन बैल देईल माझ्याकडं?"

कल्याणनं प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञानं नितीनकडे. नितीननं छगनकाकाच्या पाण्याच्या घमेल्याकडे!

"मोडायचा कशाला?" नितीननं घमेल्यातलं पाणी बैलापुढच्या परातीत ओतलं आणि रिकामं घमेलं छगनकाकाच्या पाठीमागे नेऊन ठेवलं. "टाका आता! खांद्यावरून टाका, न बघता टाका!"

छगनकाकानं एक खिळा टाकला.

टण्ण!

दुसरा टाकला. टण्ण!

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आन घमेलं भरल्यावर?"

"आमी नेऊन जुन्या हिरीत टाकू," कल्याण म्हणाला. "तुमी घरी नेलं न्हाई, मागं बगितलं न्हाई. झालं का न्हाई?"

रस्त्यावर सांडलेले खिळे वेचायचं काम मात्र उरलंच होतं. कल्याणनं तुटक्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक आणलं, त्याला सुतळी बांधली आणि कुत्र्याला फिरवावं तसं ते वळणावरून फिरवलं. चुंबकाला खिळ्यांची दाढी आली! तरी फटीत अडकलेले हातानंच उपटावे लागले. दुपारपर्यंत तिघांच्या पाठी धनुष्यासारख्या वाकल्या. दोनशे अकरा खिळे निघाले. प्रज्ञा घरी आली ती न जेवताच भिंतीला टेकून झोपली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता जीप निघाली. पुढे भारतीआत्या, मांडीवर कागदांची फाईल. मागे तीन पोती कांदा आणि त्यावर तिघं पोरं. चिंचेचं वळण आलं. सगळ्यांनी श्वास रोखले.

गेलं! काही झालं नाही!

"हुर्रे!" नितीन पोत्यावरच नाचायला लागला.

आणखी तीन किलोमीटर गेले. आणि...

फट्ट!

या वेळी खिळा नव्हता. दगडाच्या कपारीवर घासून डावीकडचं मागचं चाक बसलं होतं. तो टायर झिजून इतका गुळगुळीत झालेला, की त्याच्यावर चढलेली मुंगीसुद्धा घसरून खाली आली असती. आठ पंचवीस झाले होते. फाटा अजून आठ किलोमीटर. मागे पुढे चिटपाखरू नाही.

सूर्यभानमामा उतरले. त्यांनी चाकाकडे पाहिलं. त्यांचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला.

"मामा!" नितीन किंचाळला. "नाही हं! आज नाही!"

"बन्सीला निरोप..." मामा पुटपुटले.

"निरोप नेणार कोण? माळावरचा सरडा?"

भारतीआत्या खाली उतरली. रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसली, फाईल छातीशी धरली आणि समोरच्या उजाड माळाकडे बघत राहिली. तीन वर्षांचा सगळा शीण एका क्षणात तिच्या खांद्यांवर येऊन बसला होता.

मामांनी आत्याकडे पाहिलं. मग घाईघाईनं नजर वळवली. आणि ती नजर प्रज्ञाला दिसली. तो माज नव्हता. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाच्या डोळ्यांत असतं ना, तसं काहीतरी होतं ते.

ती त्यांच्याजवळ गेली. हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्हाला येत नाही ना?"

मामांची मिशी थरथरली.

"न्हाई येत," ते म्हणाले. "वीस वर्सं झाली. हीच गाडी, म्हातारी. नवा लागलो तवा येकदा स्टँडवर चाक बसलं. म्हनलं, बदलावं. पाना लावला, जोर लावला. नट हलंना! पार पान्यावर हुबा ऱ्हायलो. तरी हलंना! समदं स्टँड हसलं. मालक म्हनला, काय रं, भाकरी खात न्हाईस का? तवापासनं हात लावला न्हाई. क्लीनर व्हता तवर झाकून गेलं."

"बन्सीदादा बदलायचा तेव्हा बघायचं ना!"

"बगायची लाज वाटायची, पोरी. म्हून तर तोंडावर उपरनं."

"आम्ही तीनदा बघितलंय!" प्रज्ञानं बाह्या सरसावल्या. "आधी कांदे उतरवा. कल्याण, पुढच्या चाकांना दगड लाव! नितीन, जॅक काढ! मामा, पाना घ्या. नट आधी सैल करायचे, मग गाडी उचलायची."

पोती उतरली. दगड लागले. मामांनी पाना लावला आणि अंगातलं सगळं बळ एकवटून रेटला. नट हलला नाही. कल्याण पान्यावर लोंबकळला. नट हलला नाही. धोंड्यावरून आत्या उठली, तिनं पदर खोचला आणि तिनंही हात लावला. हूं की चूं नाही! पाना सटकला आणि तिघंही धुळीत कोसळली.

"बगितलं?" मामा हताशपणे म्हणाले. "हे आसं व्हतंय."

पावणेनऊ झाले.

प्रज्ञा चाकापाशी बसली. तिचे हात थकून गेले होते, म्हणून ती फक्त बघत होती. नटावर काळा राप चढला होता. तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला. आत काहीतरी कोरलेलं दिसलं. तिनं थुंकी लावून पुन्हा पुसलं.

"नितीन! इथं इंग्रजी एल आहे. आणि या नटावरही. सगळ्यांवर!"

"एल म्हणजे?"

"एल म्हणजे लेफ्ट! डावं!" ती धडपडत जीपच्या पलीकडे पळाली, उजव्या चाकाचे नट घासले आणि परत आली. "तिकडं एल नाहीच! बन्सीदादानं तिन्ही वेळा तिकडचंच चाक बदललं होतं! मामा, तुमचं ते चाक कोणत्या बाजूचं होतं? स्टँडवरचं?"

मामांनी डोळे बारीक केले. "हेच. डावं."

"मग या बाजूचे नट उलटे फिरत असणार! आपण सैल नाही करत, घट्ट करतोय! उलटं फिरवा!"

मामांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. पाना उलट्या बाजूनं धरला. रेटला.

कर्रर्र!

जुन्या जीपगाड्यांची ती खोडच होती. डाव्या चाकांना उलटे आटे! नट असा सुटला, जसं लोण्यातून बोट.

सूर्यभानमामा तिथंच बसले. "म्हंजी... वीस वर्सांपूर्वी... मी त्यो घट्ट करत हुतो?"

"हो!"

"म्हंजी मला बळ कमी न्हवतं?"

"बळ जास्त होतं मामा! पण नंतर बसा! आता पुढचा नट!"

मग मात्र मामांच्या अंगात वारं भरलं. चार नट फिरले. जॅक वर चढला. चाक सुटलं, स्टेपनी चढली. "समोरासमोरचे नट आवळा!" प्रज्ञा ओरडली. "बन्सीदादा तसंच करतो!" मामांचा पांढरा सदरा आता कोळशाच्या पोत्यासारखा झाला होता, पण उपरण्याची त्यांना आठवणच नव्हती! पोती रस्त्याकडेलाच ठेवली, राखणीला कल्याण बसला, आणि नऊला दोन मिनिटं कमी असताना जीप सुटली.

त्या दिवशी ती जीप कशी पळाली म्हणून सांगावं! वाटेत एक घार बरोबरीनं उडत होती. तिनंसुद्धा नाद सोडला. फाट्यावर आले तेव्हा एसटी हलली होती. मामांनी जीप थेट तिच्यापुढे आडवी घातली.

"काय रे, मरायचंय का?" एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"न्हाई!" मामा गरजले. "पोरीला नर्स करायचीय!"

आत्या धावत चढली. दारातून तिनं आपले काळे हात पाहिले आणि घाबरून पदराला पुसू लागली.

"नको आत्या! साडी खराब होईल!" प्रज्ञा ओरडली. "हात राहू देत तसेच!"

संध्याकाळी सहाच्या फेरीला आत्या परत आली. रंभाजीकाकांच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. छगन नालबंदही घमेलं घेऊन आला होता.

"तीनला यादी लागली," आत्या म्हणाली. "माझं नाव चौथं आहे."

एकच कल्ला झाला! तो ओसरल्यावर आत्या म्हणाली, "मोठ्या बाईंनी विचारलं, हाताला हे काय? मी म्हटलं, वाटेत चाक बदललं. त्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, आडवाटेला गाडी बंद पडली तर ही पेशंटला सोडून बसायची नाही."

रंभाजीकाकांनी तिन्ही पोरांना पुढे बोलावलं. "पोरांनो, तीन आठवडे गाव त्या खिळ्यांवरनं जातंय, एकानंही खिळा हातात घेऊन बघितला न्हाई. तुमी बघितला. आन छगनचा नेमबी ऱ्हाऊ दिला. शाबास!"

प्रज्ञाला ते ऐकू येत होतं, पण लांबून. ती ओट्याच्या कडेला खांबाला टेकली होती आणि पापण्या काही केल्या वर राहीनात.

अंगणाच्या मधोमध सूर्यभानमामा उभे होते. सदरा तसाच काळा. त्यांनी तो मुद्दामच बदलला नव्हता.

"मंग काय, डावं चाक म्हंजी उलटे आटे!" ते हातवारे करून सांगत होते. "ड्रायव्हर म्हनवतो आन येवढं ठावं न्हाई, त्यानं गाडीला हातच लावू नये!"

"मामा, किती वेळ लागला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वेळ? पाच मिन्टं! डोळं झाकून!"

"पाच?" नितीन ताडकन उठला. "अर्धा तास लागला! आणि एलचा शोध तर..."

प्रज्ञानं डोळे न उघडताच त्याची चड्डी धरून त्याला खाली बसवलं.

"सांगू दे रे," ती झोपेतच पुटपुटली. "स्टँडवरचं ते हसणं वीस वर्षं सोसलंय त्यांनी."